घरच्या आघाडीवरचे प्रेमनाट्य कसे लिहावे

युद्धकाळातील प्रेमाचे नाटक लिहायला घेणारा नवा लेखक बहुतेक वेळा पहिला प्रवेश पुणे स्टेशनवर मांडतो. गाडी सुटते, तो डब्याच्या दारात उभा असतो, ती रुमाल हलवते आणि शिट्टीच्या आवाजावर अंधार होतो. एकांकिकांच्या तालमींत हा प्रवेश मी इतक्या वेळा पाहिला आहे की, संहिता घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला माझी पहिली सूचना हीच असते : स्टेशन गाळा. नाटक तो गेल्यानंतर तीन आठवड्यांनी, एखाद्या साध्या सकाळी, घरात सुरू करा. नळाला पाणी आले आहे, चूल धुमसते आहे, पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी कुणाशी तरी बोलत उभा आहे आणि माजघरात तांदूळ निवडत बसलेली ती त्याच मूठभर तांदळावरून तिसऱ्यांदा बोटे फिरवते आहे. जिथे रणांगण दिसत नाही तिथे ते असे हातांतून दिसते. पत्र लिहिले गेले तो दिवस आणि वाचले गेले तो दिवस यांच्यामध्ये घरात जे घडते, ते या नाट्यप्रकाराचे कथानक असते, आणि पुढची प्रत्येक सूचना मी याच एका गोष्टीशी ताडून देत आहे.

कोणते युद्ध निवडावे

युद्ध निवडताना प्रथम त्याची लांबी पाहावी. पुण्यातील बहुतेक तरुण लेखकांना १९७१ जवळचे वाटते, कारण घरातील आजी-आजोबांना तो काळ आठवतो. परंतु ते युद्ध ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झाले आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. अवघ्या दोन आठवड्यांत वाट पाहण्याचे नाटक उभे राहत नाही. पत्र जायला आणि यायलाच तेवढे दिवस लागतात. १९७१ घ्यायचेच असेल, तर नाटक युद्धानंतर सुरू करावे. तो 'बेपत्ता' असल्याची तार डिसेंबरमध्ये आली आहे, आणि आपले युद्धकैदी वाघा सीमेवरून परत येतात ते पुढच्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये. मधले वर्ष तुमचे आहे, आणि त्या वर्षात महाराष्ट्रात दुष्काळही पडलेला आहे. १९६५ चे युद्ध सप्टेंबरमध्ये तीन-साडेतीन आठवड्यांत आटोपले. त्याचा उपयोग फार तर एखाद्या एकांकिकेपुरता होईल, जिच्यात शास्त्रीजींच्या आवाहनानुसार सोमवारच्या रात्री चूल पेटत नाही.

१९६२ कडे लेखक फारसे वळत नाहीत याचे मला वाईट वाटते. चीनशी युद्ध २० ऑक्टोबरला सुरू झाले आणि २१ नोव्हेंबरला चीनने शस्त्रसंधी जाहीर केली. त्याच महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला हे वाक्य घरोघरी झाले. संरक्षण निधीसाठी बायकांनी अंगावरचे सोने उतरवून दिले. पाठोपाठ जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. ठरलेले लग्न, आघाडीवर गेलेला मुलगा, निधीत दिलेल्या पाटल्या आणि आता मंगळसूत्राच्या वाट्या १४ कॅरटच्या घडवाव्यात की सासूने स्वतःच्या गळ्यातल्या काढून द्याव्यात, एवढ्या प्रश्नावर पूर्ण अंक उभा राहू शकतो.

तरीही दोन अंकी नाटकासाठी माझी निवड दुसऱ्या महायुद्धाची आहे. ते सहा वर्षे चालले, त्यात हिंदी सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली, आणि मराठी माणसे केवळ ब्रह्मदेशात नव्हे तर आफ्रिकेत आणि इटलीतही लढली. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी केलेल्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांचा मरणोत्तर. कोकणातल्या किंवा नगरकडच्या घरात बसलेल्या माणसाच्या मनात 'इटली' या शब्दाने काय उभे राहत असेल, याचा विचार करूनच त्या घरातील संवाद लिहावेत. नायक कोणत्या पलटणीत आहे हे ठरवताना एक चूक टाळावी. 'पूना हॉर्स' या नावात पुणे आहे म्हणून तिच्यात पेठेतला मुलगा घालू नये. त्या रिसाल्यातील जवान प्रामुख्याने उत्तरेकडचे. मराठा पलटणींचे केंद्र बेळगावला होते, आणि पुण्याला लागून असलेले केंद्र म्हणजे खडकीचे बॉम्बे सॅपर्स, सैन्यातले अभियंता दल. नायक सॅपर असेल तर त्याचे प्रशिक्षण घरापासून चार-पाच मैलांवर होते आणि तरीही त्याला घरी येता येत नाही, हा ताण तुम्हाला आयता मिळतो.

घर आणि त्या घरातील भांडण

आपल्याकडच्या घरच्या आघाडीचे एक वैशिष्ट्य इंग्लंडमधल्या गोष्टींत सापडत नाही, आणि ते हाताळले नाही तर नाटक उसने वाटते. तिथे घर आणि सैन्य एकाच बाजूला असतात. इथे १९४२ साली एकाच वाड्यात एक मुलगा राजाच्या सैन्यात आणि दुसरा त्या राजाविरुद्धच्या चळवळीत असू शकतो. ९ ऑगस्ट १९४२ नंतर गांधीजींना पुण्यातच, आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्ध करून ठेवले होते. १५ ऑगस्टला तिथे महादेवभाई देसाई गेले आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या. २४ जानेवारी १९४३ रोजी कॅम्पातील कॅपिटॉल चित्रपटगृहात बॉम्बस्फोट झाले आणि त्यांत ब्रिटिश सैनिक मृत्युमुखी पडले. त्याच काळात सावरकर हिंदू तरुणांना सैन्यात शिरा म्हणून सांगत होते, आणि रात्री रेडिओचा आवाज अगदी बारीक करून जर्मनीहून येणारे सुभाषबाबूंचे भाषण ऐकणारी घरेही होती. सिंगापूर १५ फेब्रुवारी १९४२ रोजी पडल्यावर हजारो हिंदी सैनिक कैदी झाले आणि त्यांतले पुष्कळ पुढे आझाद हिंद सेनेत गेले. म्हणजे 'बेपत्ता' नवरा तीन ठिकाणी असू शकतो : मातीत, छावणीत किंवा पलीकडच्या फौजेत. धाकटा दीर तिसरी शक्यता अभिमानाने बोलून दाखवतो, सासऱ्यांना त्याच शक्यतेची भीती वाटते, कारण त्यांना दर महिन्याच्या मनीऑर्डरची काळजी आहे, आणि त्याच्या बायकोला मात्र तिन्हींपैकी फक्त जिवंत असण्याच्या दोन हव्या आहेत. या प्रवेशात कोणाचेही राजकारण चुकीचे ठरवू नये. प्रत्येकाला त्याचे सर्वांत चांगले वाक्य द्यावे.

घराची जागा नेमकी ठरवावी. सदाशिव किंवा शनिवार पेठेतला वाडा, कॅम्पातले घर आणि खडकीतील कामगाराची खोली यांत युद्ध वेगवेगळ्या वाटांनी शिरते. वाड्यात ते वर्तमानपत्रातून आणि पत्रातून येते. कॅम्पात ते गोऱ्या शिपायांच्या रूपाने रस्त्यावर चालते. खडकीत दारूगोळा कारखान्याच्या भोंग्याने दिवस कापला जातो आणि पाळी कितीची आहे यावर घरातले जेवण ठरते. माझा कल खडकीकडे आहे, कारण तिथल्या माणसाला आपण बनवलेल्या गोळ्या कुठे जातात हे माहीत असते आणि तरी तो घरी येऊन त्याविषयी बोलू शकत नाही.

पत्र

नाटकाचा प्राण पत्रात आहे, आणि नेमके इथेच नवे लेखक घाईने चुका करतात. ते १९४३ सालच्या मराठी नवऱ्याकडून बायकोला 'माझ्या लाडके' असे पत्र लिहून घेतात, आणि ती ते चांदण्यात एकटी वाचते. एकत्र कुटुंबात असे क्वचितच घडत असे. पत्र वडिलांच्या नावे येई, वडील ते ओसरीवर मोठ्याने वाचत, आणि ज्या बाईसाठी ते खरे तर लिहिले आहे ती दाराआड उभी राहून ऐके. सैन्याच्या सेन्सॉरने त्यातील गावाचे नाव काळे केलेले असे. उरलेला मजकूर घराच्या सेन्सॉरमधून जाई. या दोन चाळण्यांतून प्रेम कसे पार पडते, हे तुम्हाला दाखवायचे आहे. तालमीसाठी मी एक पत्र रचून ठेवले आहे, ते इथे देतो :

"श्री. तीर्थरूप बाबांच्या चरणी बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. पत्रास कारण की, आपले पत्र पावले व मजकूर कळला. मी येथे खुशाल आहे, माझी काळजी करू नये. येथे पाऊस फार आहे. आईचे गुडघे दुखत असतील तर तेल कोमट करूनच लावावे. धाकट्याचा अभ्यास कसा आहे ते कळवावे. परसातील पारिजातकास पाणी चुकवू नये, त्याची आठवण होते. घरात सर्वांस यथायोग्य सांगावे. कळावे, लोभ असावा ही विनंती."

सासरे हे वाचतात आणि म्हणतात, "एवढा पाऊस पडतोय आणि हा झाडाला पाणी घाला म्हणून लिहितोय!" दाराआडून सासूबाई सुनेकडे पाहतात. सासरे उत्तर लिहायला बसतात, टाक दौतीत बुडवतात आणि मान न वळवता विचारतात, "सूनबाई, तुला काही कळवायचं आहे का गं?" थोडा वेळ जातो. मग ती म्हणते, "पारिजातक बरा आहे म्हणावं." एवढ्यावर प्रवेश संपवावा. कोणत्याही पात्राने त्या झाडाचा अर्थ प्रेक्षकांना उलगडून सांगू नये. सासूबाईंचे पाहणे पुरेसे आहे, आणि ते पाहणे हा त्या नटीच्या वाट्याचा सर्वांत कठीण भाग आहे.

पत्राची बाह्य खूणही वापरावी. मृत्यूची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे, त्यामुळे अक्षर न येणाऱ्या बाईलाही पोस्टमनच्या हातातील कार्ड लांबून वाचता येई. एखाद्या प्रवेशात सुखरूप आलेल्या पत्राचा कोपरा प्रवासात चुरगळून फाटलेला ठेवा, आणि सासूबाईंच्या हातात ते आधी द्या. वाचता येणाऱ्या माणसाला अंगणातून आत यायला जेवढी पावले लागतात, तेवढा वेळ रंगमंचावर प्रत्यक्ष जाऊ द्या. त्या काळातली वडीलधारी माणसे मोडी लिहीत, मुली मात्र शाळेत बालबोध, म्हणजे देवनागरी, वाचायला शिकलेल्या असत; सासऱ्यांनी मुलाला मोडीत काय लिहिले हे सुनेला डोळ्यांसमोर कागद असूनही कळू नये, हाही एक प्रवेश आहे. १९७१ च्या नाटकात पत्र वेगळे बोलते. तेव्हा नवरा-बायको एकमेकांना सरळ लिहितात, पत्त्यात गावाचे नाव नसते, लष्करी टपाल कार्यालयाचा नुसता क्रमांक, '५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.', असतो, आणि १५ नोव्हेंबर १९७१ पासून पाकिटावर निर्वासितांच्या मदतीचे पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागते. पाच पैशांचे तिकीट संपले आहे म्हणून पाकीट पोस्टातून परत घेऊन येणारी नायिका मला कोणत्याही स्वगतापेक्षा अधिक सांगते.

कुंकू

बेपत्ता सैनिकाच्या बायकोचा प्रश्न मराठी घरात एका विशिष्ट जागी येऊन थांबतो, आणि ती जागा कपाळ आहे. तिच्या नावामागे 'सौ.' लिहायचे की 'गं. भा.' हे कोणत्याही कचेरीने अद्याप सांगितलेले नाही. सिंगापूर फेब्रुवारीत पडले आणि महिन्याभरात चैत्र आला. चैत्रातले हळदीकुंकू म्हणजे आंब्याची डाळ, कैरीचे पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी आणि घरोघर फिरणारी आमंत्रणे. शेजारच्या काकू हातात कुंकवाचा करंडा घेऊन दारात येतात, सासूबाईंना कुंकू लावतात, मग सुनेकडे वळतात आणि त्यांचा हात हवेत थबकतो. त्यांचा हेतू वाईट नाही, हे अभिनयात स्पष्ट असले पाहिजे. अशुभ होऊ नये एवढीच त्यांची धडपड आहे. हा प्रवेश मी अनेक लेखकांकडून लिहून घेतला आहे, आणि बहुतेकांनी सुनेला तावातावाने बोलायला लावले. त्या घरात, त्या वर्षी, ती बोलणार नाही. बोलतील त्या सासूबाई, आणि त्याही काकूंना दुखावतील अशा आवाजात नाही. त्या काकूंच्या हातातला करंडा अलगद आपल्याकडे घेतील, सुनेच्या कपाळावर स्वतः कुंकू लावतील आणि म्हणतील, "आमच्याकडून दोघी येऊ हो संध्याकाळी. दोघींची ओटी भरा." त्यानंतर काकू गेल्यावर सासूबाई भिंतीला टेकून खाली बसतील, कारण आपण आत्ता काय पणाला लावले हे त्यांना ठाऊक आहे. माझ्या मते प्रेमनाट्यातील प्रेम केवळ नायक-नायिकेत ठेवू नये. घरच्या आघाडीवर दोन बायका एकाच माणसाची वाट पाहत असतात आणि त्या एकमेकींना कसे सांभाळतात, यात या प्रकाराची खरी श्रीमंती आहे.

पुण्यात राहिलेला दुसरा पुरुष जवळजवळ प्रत्येक संहितेत असतो. तो कारखान्यात असेल, ससून रुग्णालयात असेल किंवा मास्तर असेल. त्याला पळपुटा किंवा लंपट करू नये. ज्याला सैन्यात जायचे होते पण कारखान्याने सोडले नाही, जो रॉकेलच्या रांगेत तिच्या घरचा डबाही स्वतःच्या डब्याशेजारी ठेवतो आणि घरी आणून देताना उंबऱ्याच्या आत पाय टाकत नाही, असा माणूस लिहिला तरच तिच्या मनातली ओढ प्रेक्षकांना खरी वाटेल. तिलाही काम द्यावे. रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनाने मराठी बायकांसाठी परिचारिकेच्या शिक्षणाची वाट उघडली होती. नायिका त्या वाटेने ससूनमध्ये गेली, तर घर सोडून बाहेर पडण्याचे कारण आणि जखमी माणसाला हात लावण्याची सवय या दोन्ही गोष्टी पुढच्या अंकासाठी तयार होतात.

संबोधन

प्रेमाचा चढ मराठीत सर्वनामांतून ऐकू येतो, त्यामुळे संहितेचा दुसरा खर्डा फक्त त्यासाठी वाचावा. १९४३ मध्ये बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. 'अहो' आणि 'घरात विचारते' यांवर तिचा संसार चालतो. अविवाहित स्त्री-पुरुष एकमेकांना 'तुम्ही' म्हणतात, आणि त्या 'तुम्ही'चे 'तू' होण्याची जागा नाटकात एकदाच यावी, तीही कोणाच्या तरी चुकून तोंडून गेल्यासारखी. सासूला 'आई' म्हणणे त्या काळी सर्व घरांत नव्हते. सासूबाई, मामंजी, वन्सं, भाऊजी ही संबोधने आधी ठरवून घ्यावीत आणि पुढे ती चुकू देऊ नयेत. नायिका शेवटी सासूला पहिल्यांदा 'आई' म्हणणार असेल, तर त्याआधी पन्नास वेळा 'सासूबाई' ऐकू आलेले असले पाहिजे.

काळाच्या वस्तू

वस्तू थोड्या ठेवाव्यात, पण ज्या ठेवाल त्यांच्याकडून काम करून घ्यावे. १९४३ पासून भोकाचा तांब्याचा पैसा चलनात आला; धाकटी वन्सं ते पैसे दोऱ्यात ओवून दादा परत येईपर्यंतचे महिने मोजू शकते. चांदीच्या रुपयातील चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली, त्यामुळे जुने रुपये घरात दडवून ठेवणारी आजी अतिशय खरी वाटते. सैन्यात गेलेल्या माणसाची काळी पत्र्याची ट्रंक, जिच्यावर पांढऱ्या रंगाने नाव आणि क्रमांक लिहिलेला असतो, ती मी नाटकभर समोर ठेवीन आणि गणवेश मात्र एकदाही दाखवणार नाही. गणवेश अंगावर आला की नट ताठ होतो आणि माणूस दिसेनासा होतो. ट्रंक मालकाआधी घरी येते की मालकाबरोबर, या एका निर्णयावर तुमचा दुसरा अंक ठरेल.

काळाचे घोटाळे टाळण्यासाठी काही तारखा टेबलावर लिहून ठेवाव्यात. आकाशवाणीचे पुणे केंद्र १९५३ चे आहे. त्याआधीच्या नाटकात रेडिओ मुंबईचा. मुंबई दूरदर्शन ऑक्टोबर १९७२ चे, त्यामुळे १९७१ च्या पुण्यातील दिवाणखान्यात दूरचित्रवाणी संच ठेवल्यास प्रयोग तिथेच पडतो. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चे. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतले असंख्य वाडे नेले, म्हणून १९४३ चा वाडा १९७१ च्या नाटकात जसाच्या तसा वापरता येत नाही. त्या घरातील पत्रेही बहुधा त्याच पुरात गेली असतील. दोन पिढ्यांचे नाटक लिहिणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

प्रकाश आणि भोंगा

पुण्यावर कोणत्याही युद्धात हवाई हल्ल्याचे बॉम्ब पडले नाहीत, म्हणून रंगमंचावर ते पाडू नयेत. आपल्याकडे होता तो अंधार. एका प्रयोगानंतर एक वृद्ध बाई आत येऊन मला भेटल्या आणि म्हणाल्या, "एकाहत्तरला आमच्याकडे दिव्याला तपकिरी कागदाची नळी लावत असत. खाली एवढासा गोल उजेड पडायचा, आणि त्यात आम्ही भावंडं पुस्तकं सरकवत अभ्यास करायचो." त्यांनी हाताने ताटाएवढा गोल करून दाखवला. तेव्हापासून मी ब्लॅकआउटसाठी निळा प्रकाश वापरत नाही. वरून एकच छोटा गोल पाडतो आणि त्यात दोन माणसे एका वेळी मावणार नाहीत याची काळजी घेतो. एकाचा चेहरा उजेडात असतो तेव्हा दुसऱ्याचा फक्त आवाज असतो. दोघांना एकत्र दिसायचे असेल तर जवळ सरकावे लागते, आणि तेवढ्यात भोंगा होतो. भोंगा वर-खाली होणारा असेल तर धोका आणि एका सुरात लांब वाजणारा असेल तर धोका टळला, हा फरक ध्वनिसंयोजकाला शिकवून ठेवावा. प्रेक्षकांतल्या जुन्या माणसांना तो आजही कळतो.

त्याचे परत येणे

नायक परत येतो तो प्रवेश बहुतेक संहितांमध्ये सर्वांत कच्चा असतो, कारण लेखकाला वाटते की येणे हाच शेवट. खरे नाटक तिथून पुढे एक अंक असते. पुण्यात १९४४ मध्ये सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले, ते आजही आहे. युद्धातून पाय गमावून आलेला माणूस आपल्याच गावात, घरापासून काही मैलांवर, महिनोन्महिने चालायला शिकत असू शकतो आणि घरी 'बदली झाली आहे' एवढेच कळवत असू शकतो. तो प्रथम घरी येतो तेव्हा रडारड लिहू नका, पाने मांडा. वाड्यात सारे पाटावर मांडी घालून जेवतात. त्या काळच्या कृत्रिम पायाने त्याला मांडी घालता येत नाही. मांडी घालू देणारा जयपूर पाय १९६८ चा, तो अजून दूर आहे. कोणीतरी ओसरीवरची खुर्ची आणते. आता सगळे खाली आणि तो एकटा उंचावर, ताट मांडीवर घेऊन. वडिलांना मुलाकडे मान वर करून पाहावे लागते. वाढायला ती येते, आणि आयुष्यात पहिल्यांदा सर्वांदेखत त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर उभी राहते. इथे मी तिला काहीही बोलायला देणार नाही. फक्त ती वाढून झाल्यावर आत न जाता तिथेच उभी राहील, आणि सासरे तिला आत जा म्हणणार नाहीत. परसातला पारिजातक आतापर्यंत कोणीही पाहिलेला नसावा. या प्रवेशात त्याची फुले ओंजळीत आली तर चालतील, झाड दिसू नये.

लिहून झाल्यावर

संहिता टंकित करण्याआधी तो काळ पाहिलेल्या एखाद्या माणसाला ती मोठ्याने वाचून दाखवावी आणि ते जिथे थांबवतील तिथे खूण करावी. 'सकाळ' आणि 'केसरी'चे त्या महिन्यांचे जुने अंक चाळताना बातम्यांपेक्षा जाहिराती वाचाव्यात, घरात काय मिळत होते आणि काय नव्हते हे तिथे कळते. होळकर पुलाजवळच्या युद्धस्मशानभूमीत एक सकाळ जाऊन यावे आणि दगडांवरची वये वाचावीत. व्यावसायिक प्रयोग करायचा असेल तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवावी.

शेवटच्या प्रवेशासाठी एक घड्याळ सुचवतो, कारण ते इतिहासातच तयार आहे. १ सप्टेंबर १९४२ पासून युद्धासाठी देशभरातील घड्याळे एक तास पुढे केलेली होती आणि १५ ऑक्टोबर १९४५ पासून ती पुन्हा मागे आली. वाड्यातले टोल्यांचे घड्याळ पुढे करताना काटा फिरवता येतो, मात्र मागे करताना तो उलटा फिरवत नाहीत, यंत्र बिघडते. लंबक धरून थांबवायचा आणि एक तास उलटल्यावर पुन्हा हलवून द्यायचा, ही रीत. पहिल्या अंकात सासऱ्यांनी तो काटा एक तास पुढे सरकवलेला प्रेक्षकांनी पाहिलेला असू द्या, आणि सबंध नाटकभर टिकटिक चालू ठेवा. शेवटी ते स्टुलावर चढतात, लंबक हाताने धरतात आणि आवाज बंद होतो. खाली येऊन ते झोपायला जातात. जाताना सुनेला सांगतात, "तासाभराने तेवढा लंबक हलवून द्या." वाक्य 'द्या' असे अनेकवचनी आहे, तिला एकटीला उद्देशून नाही, हे नटाने नीट उच्चारावे. ती दोघे ओसरीवर उरतात, तो खुर्चीवर, ती पायरीवर, आणि रंगमंचावर युद्धानंतर परत मिळालेला तो एक तास सुरू होतो. दिवा हळूहळू उतरवावा, टिकटिक पुन्हा सुरू करू नये.